बाळाचे खेळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या खेळात मुलाच्या मेंदूचा, हातापायांचा आणि बोलण्याचा रोज सराव होत असतो. या खेळाविषयी सातारा-सांगलीकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काही समजुती अगदी योग्य आहेत, काहींमुळे मात्र बाळाचे नुकसान होते.

"एवढ्याशा जिवाला काय कळतंय?" हा त्यांतला सर्वांत जुना समज. प्रत्यक्षात गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतच बाळ आईचा आवाज ऐकू लागते. जन्मल्यावर त्याला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचे सर्वांत नीट दिसते आणि अंगावर पाजताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत बाळाशी बोलणारे माणूस हेच त्याचे खरे खेळणे. बाळाने हुंकार दिला की त्याला उत्तर द्यावे, थांबावे, पुन्हा त्याची वाट पाहावी. पाळण्यावरचे चिमणाळे बाळाला आवडते, पण ते उत्तर देत नाही. मान धरेपर्यंत पालथे घालू नये, हेही खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाळ सरकू-रांगू लागेपर्यंत त्याला जागेपणी दिवसातून मिळून किमान 30 मिनिटे पालथे ठेवावे. कोणीतरी समोर हवे. झोपवताना मात्र पाठीवरच.

बुद्धी वाढायला महागडी खेळणी लागतात, ही समजूत जाहिरातींनी रुजवली. ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे बिया, पाने, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले, ते याच्या नेमके उलट होते. आठ-नऊ महिन्यांच्या बाळासमोर वाटीखाली चेंडू लपवला की दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे त्याला उमगू लागते. पदराआड तोंड लपवून 'भॉक' करणारी आजी तेच शिकवते. वर्षानंतर डब्यात वस्तू भरायच्या, ओतायच्या, झाकण लावायचे. दीड-दोन वर्षांनी आई मेथी निवडत असेल तर शेजारी बसून पाने तोडायची. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

घरातली प्रत्येक वस्तू निर्धोक असते, असे मात्र नाही. शेंगदाणे, हरभरे, तासगावचे बेदाणे निवडायला देणे हा या भागात सहज सुचणारा खेळ. पण लहान मूल हातातली वस्तू तोंडात घालते आणि दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्याऐवजी बटाटे, मक्याची कणसे द्यावीत. बेंदराचे रंगवलेले मातीचे बैल बाळाला दाखवावेत, चोखायला देऊ नयेत. पाण्याच्या खेळाच्या वेळी मोठ्या माणसाने हातभर अंतरावर असावे, कारण बादलीतल्या थोड्या पाण्यातही मूल बुडू शकते.

पांगुळगाडा आणि वॉकर एकच, हा समज विशेष घातक. लाकडी पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. बसायच्या चाकांच्या वॉकरमध्ये ते टाचा उचलून चवड्यांवर रेटते, त्याला तोल सावरायचा सराव मिळत नाही आणि पायरीवरून कोसळण्याचा धोका असतो. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. वॉकर घेऊ नये, हेच बरे.

मोबाइलवरची गाणी पाहून मूल लवकर बोलते, असेही म्हटले जाते. भाषा देवाणघेवाणीतून येते. पडदा मुलाच्या बोबड्या शब्दाला प्रतिसाद देत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, असे सांगते. अपवाद नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा, त्यामुळे सैन्यात दूर असलेल्या वडिलांचे तोंड बाळाला जरूर दाखवावे.

"मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबून राहू नये. वर्षाचे मूल आवाजाकडे वळत नसेल, बोट दाखवत नसेल, नावाला प्रतिसाद देत नसेल, तर अंगणवाडी सेविकेला सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी करते. तोवर न थांबता डॉक्टरांकडेही जावे.