शेक चालू असताना रक्तपेशी का घटतात?

अन्ननलिकेच्या कर्करोगावर उपचार घ्यायला नाशिकमध्ये शहराबरोबरच मालेगाव, धुळे, नंदुरबारकडचेही रुग्ण येतात. कोणी मुंबई नाक्याजवळच्या एचसीजी मानवता केंद्रात जातो, कोणी शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात. रेडिओथेरपी, म्हणजे शेक, सुरू झाला की साधारण दर आठवड्याला रक्तपेशी मोजणारी सीबीसी तपासणी होते. रिपोर्ट हातात पडला की घरच्यांची नजर हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्सवर जाते. शेकाचा पहिला फटका मात्र तिसऱ्याच पेशींना बसतो.

उपचार कसा असतो?

शस्त्रक्रियेआधी शेक द्यायचा असेल तर बहुधा नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ अभ्यासाची पद्धत वापरतात. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४१.४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा २३ भागांत विभागून सुमारे पाच आठवडे देतात, आणि आठवड्यातून एकदा कार्बोप्लाटिन व पॅक्लिटॅक्सेल ही केमो. शस्त्रक्रिया करायची नसेल तर मात्रा साधारण ५० ग्रे किंवा त्याहून थोडी अधिक असते.

छातीतल्या शेकाचा रक्ताशी संबंध काय?

अन्ननलिका हृदय, महाधमनी आणि फुप्फुसे यांना लागून खाली उतरते. किरण चालू असताना या अवयवांतून वाहणाऱ्या रक्तालाही थोडी थोडी मात्रा मिळते. मागे पाठीचे मणके असतात आणि त्यांतल्या अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होतात. गाठ खालच्या टोकाला असेल तर रक्तपेशी साठवणारी प्लीहाही किरणांच्या वाटेजवळ येते. सोबतची केमो मज्जेचे काम आणखी मंदावते.

कोणत्या पेशी आधी घटतात?

*लिम्फोसाइट* : पांढऱ्या पेशींचा हा प्रकार किरणांना सर्वांत नाजूक. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच संख्या उतरू लागते आणि शेक संपत येताना तळ गाठते. सामान्य संख्या दर मायक्रोलिटरला साधारण १,००० ते ४,०००. ती २०० च्या खाली गेली तर घट अतितीव्र मानतात. भरून यायला कित्येक महिने लागू शकतात.

*न्यूट्रोफिल* : पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार. या मुख्यतः केमोमुळे घटतात. संख्या ५०० च्या खाली गेली की संसर्गाचा धोका फार वाढतो.

*प्लेटलेट्स* : यांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे, त्यामुळे घट काही आठवड्यांतच दिसते.

*लाल पेशी* : या सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून शेकाच्या काळात हिमोग्लोबिन घसरले तर गाठीतून होणारा रक्तस्राव, केमो आणि घास न उतरल्याने होणारी उपासमार ही कारणे आधी तपासतात.

रिपोर्ट कसा वाचावा?

टक्क्यांवर जाऊ नये. एकूण पांढऱ्या पेशी ३,००० आणि लिम्फोसाइट १० टक्के असतील, तर प्रत्यक्ष संख्या ३०० भरते. एका आकड्यापेक्षा आठवड्यागणिक उतार किती, हे महत्त्वाचे. म्हणून सगळे रिपोर्ट तारखेनुसार एकाच फाइलमध्ये ठेवावेत.

घटल्या तर काय करतात?

डॉक्टर केमोचा डोस पुढे ढकलतात किंवा कमी करतात, गरजेनुसार रक्त किंवा प्लेटलेट्स चढवतात. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने छातीचा शेक आणि केमो एकत्र चालू असताना सहसा टाळतात. लिम्फोसाइट वाढवणारे खात्रीचे औषध नाही. त्यामुळे हृदय, फुप्फुसे, मणके यांना कमीत कमी मात्रा जाईल अशी शेकाची आखणी हाच मुख्य उपाय ठरतो.

घरच्यांनी काय पाहावे?

गिळता येत नसेल तर नाकातून किंवा पोटातून नळी घालायला नकार देऊ नये; पोषणावाचून मज्जा सावरत नाही. पपईच्या पानांचा रस किंवा कोणतेही चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला, हिरड्यांतून रक्त आले किंवा शौचाला काळे झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि पेशी घटल्या म्हणून आपल्या मनाने शेक बंद करू नये. मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. थांबायचे की नाही, हे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या.