सतरा पट वजनाचा साका

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला ‘अ‍ॅल्युमिनियम, ऑक्झिनेट करून’ अशी चिठ्ठी निघाली, की मुलांचे चेहरे पडतात. बफर सांभाळा, द्रावण गरम ठेवा, पिवळट साका नीट बसेपर्यंत थांबा, मग जी-फोर क्रुसिबलमधून गाळा, वाळवा, तोला. दुपार त्यातच जाते.

ऑक्झिन म्हणजे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन. याच्या रेणूत ऑक्सिजन आणि नायट्रोजन शेजारी-शेजारी असतात आणि खेकड्याच्या नांग्यांसारखे धातूला दोन बाजूंनी धरतात. एका अ‍ॅल्युमिनियमला असे तीन रेणू घेरतात. त्यामुळे १ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियममागे साका भरतो सुमारे १७ ग्रॅम! तोलण्यातली बारीकशी चूक मग फारशी बाधत नाही. विश्लेषणवाल्यांनी ऑक्झिन डोक्यावर घेतलं ते यासाठी.

वजनं लिहून झाली तरी मी मुलांना लगेच सोडत नाही. खोलीतले दिवे घालवते आणि टीएलसीच्या प्लेट बघायचा यूव्ही दिवा क्रुसिबलवर धरते. साका हिरवा झळाळतो. मगाचची कंटाळलेली मंडळी फोटोसाठी मोबाइल काढतात. मला तेच हवं असतं, कारण आता त्या मोबाइलच्या पडद्याचा विषय आपोआप निघतो.

साका चमकतो हे रसायनवाल्यांना फार आधीपासून माहीत होतं. प्रश्न होता विजेने उजळवण्याचा. १९६०च्या दशकात अँथ्रासिनच्या स्फटिकांतून प्रकाश काढला गेला, पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागत. १९८७ साली अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी काचेवर दोन अतिपातळ थर चढवले. एक विजेचा धन भार वाहणारा आणि दुसरा आमच्या या ऑक्झिनेटचा. दोन्ही मिळून जाडी मिलिमीटरच्या सात हजाराव्या भागाच्या आसपास. दोन्हीकडून आलेले भार ऑक्झिनेटच्या थरात भेटले आणि दहाहून कमी व्होल्टवर हिरवा प्रकाश पडला. पदार्थ जुनाच होता. माझ्या मते खरी कमाल थरांच्या रचनेची.

एक उणीव मात्र राहिली. अशा भेटींतून तयार होणाऱ्या चार उत्तेजित अवस्थांपैकी साधारण तीन प्रकाश न देताच वाया जातात. इरिडियमसारखा जड धातू त्यांनाही कामाला लावतो. त्याला धरायला २-फिनाइलपिरिडीन वापरतात. १९९९ मध्ये या दोघांच्या संयुगाचे हिरवे दिवे निघाले आणि ऑक्झिनेट मागे पडलं. निळ्या रंगाने मात्र अजून दाद दिलेली नाही. निळ्या प्रकाशाच्या जास्त ऊर्जेपुढे हे इरिडियमचे रेणू लवकर मोडतात, म्हणून बहुतेक पडद्यांत निळ्यासाठी अजून जुन्या, उधळ्या पद्धतीचेच पदार्थ वापरतात.