हाताने चालतं, आपोआप चालत नाही: सर्व्हरवरच्या सेटिंगचा घोळ



समजा, पलूसमधून तुम्ही द्राक्षं आणि बेदाणा बाहेर पाठवता. बिलाचा प्रोग्राम भाड्याच्या उबुंटू सर्व्हरवर आहे. 1 एप्रिलला पहाटे 4 वाजता गाडी भरली, दुकानातल्या कॉम्प्युटरने आपोआप बिल काढलं, आणि त्यावर तारीख आली 31 मार्च! म्हणजे बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात गेलं. सकाळी तुम्ही स्वतः लॉगिन करून बघता, तर वेळ अगदी बरोबर दिसते.

मग चुकलं कुठं?

असे सर्व्हर बहुतेक वेळा जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपली वेळ हवी म्हणून 'टीझेड' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहितात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हातात दिलेली सूचनांची चिठ्ठी. प्रश्न एवढाच, की ही चिठ्ठी कोणत्या दारावर लावली आहे?

पहिलं दार: तुम्ही एसएसएचने लॉगिन करून आत बसता. तेव्हा तुमच्या खात्यातली 'डॉट प्रोफाइल' फाइल वाचली जाते. तिथली सूचना तुम्हाला मिळते.

दुसरं दार: दुकानातला कॉम्प्युटर आत बसत नाही. एसएसएचच्या एकाच ओळीत काम सांगतो आणि निघून जातो. इथे 'डॉट प्रोफाइल' वाचली जात नाही. 'डॉट बॅशआरसी' उघडते खरी, पण उबुंटूमध्ये तिच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, की समोर टाइप करणारा माणूस नसेल तर इथेच थांब. तुम्ही शेवटी लिहिलेली ओळ वाचलीच जात नाही.

आणि लॅपटॉपवर केलेलं सेटिंग सर्व्हरवर आपोआप जात नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंची परवानगी लागते. उबुंटूमध्ये सुरुवातीला ती भाषेच्या सेटिंगसारख्या मोजक्याच गोष्टींना असते.

उपाय काय? 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एन्व्हायर्नमेंट' फाइलमध्ये ती ओळ लिहा. उबुंटूवर ही फाइल दोन्ही दारांना वाचली जाते. 'एक्सपोर्ट' शब्द नको. फक्त नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. त्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. मग बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा, जुन्या सेशनला बदल कळत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. ही फाइल सर्व्हरवरच्या सगळ्यांना वाचता येते, म्हणून पासवर्ड तिथे ठेवू नका. आणि वेबसाइटसारखी कायम चालू असणारी सर्व्हिस या दोन्ही दारांनी येत नाही. तिच्या सूचना तिच्याच सेटिंग फाइलमध्ये लिहाव्या लागतात.

तपासायचं कसं? लॉगिन करून 'ई-एन-व्ही' ही कमांड द्या. मग लॉगिन न करता, एसएसएचच्या एकाच ओळीतून तीच कमांड द्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. पहिलीत 'टीझेड' आहे आणि दुसरीत नाही, तर घोळ तिथेच आहे.

एक नियम वहीत लिहून ठेवा: काम ज्या दाराने होणार, तपासणी त्याच दाराने करायची. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करून बघा. मार्चअखेरीस सीएसमोर बसायची वेळ येईल, तेव्हा बिलांच्या तारखा बरोबर असतील.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!