पंचरंगी सामने : एका अस्तंगत स्पर्धेचा इतिहास

भारताचा पहिला कसोटी सामना 1932 साली झाला आणि रणजी करंडक 1934 साली सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईत एक स्पर्धा गाजत होती. आज तिचे नावही फारसे ऐकू येत नाही. सीमाभागातील क्रिकेटप्रेमी या नात्याने मला तिचे विशेष अगत्य वाटते, कारण तिचे दोन मोठे नायक आपल्या परिसरात जन्मले.

1892 पासून मुंबईत युरोपियन व पारशी संघांत प्रथम श्रेणीचे सामने होऊ लागले. 1907 मध्ये हिंदू संघ आल्याने स्पर्धा तिरंगी झाली. 1912 मध्ये मुसलमान संघ आला व ती चौरंगी झाली. 1937 मध्ये ख्रिस्ती आदी इतर समाजांच्या ‘द रेस्ट’ या संघास प्रवेश मिळून ती पंचरंगी म्हणून ओळखली जाऊ लागली.

पहिला नायक पळवणकर बाळू. अस्पृश्य मानलेल्या चर्मकार कुटुंबात त्यांचा जन्म धारवाड येथे झाला. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर महिना चार रुपये पगारावर ते राबले आणि गोऱ्या फलंदाजांना गोलंदाजी करता करता निष्णात झाले. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले खरे, पण मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू हाती घेणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांच्या पंक्तीस बसणे चालत नसे. चहा बाहेर, वेगळ्या पात्रात मिळे. प्लेगच्या काळात हे कुटुंब मुंबईस गेले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी मिळविले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. तो मान 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

दुसरे नायक विजय हजारे. 1915 साली सांगलीत जन्मलेले हे ख्रिस्ती फलंदाज ‘द रेस्ट’कडून खेळत. 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. धाकटे बंधू विवेक यांच्यासमवेत त्यांनी 300 धावांची भागीदारी केली, त्यात विवेकचा वाटा 21 धावांचा. संघ डावाने हरला, पण लक्षात राहिली ती ही खेळी.

प्रेक्षकांची गर्दी अखेरपर्यंत ओसरली नाही. मात्र धर्मावरून संघ पाडण्यास 1940 मध्ये गांधीजींनी जाहीर नापसंती दर्शविली. देशातील वातावरण तापत गेले आणि 1946 मध्ये स्पर्धा कायमची बंद झाली.

माझ्या मते ते योग्यच झाले. तरी या स्पर्धेचे एक ऋण मान्य केले पाहिजे. ‘आपला संघ’ म्हणविणाऱ्यांना आपल्यातल्या कोणाला आपण बाहेर उभे केले आहे, हे तिने सर्वांदेखत दाखवून दिले. आपले मंडळही भाषेच्या नात्याने एकत्र आले आहे व त्याचा मला अभिमान आहे. बाळूंना वेगळ्या पात्रात मिळालेल्या त्या चहाची आठवण मात्र आपण प्रत्येक बैठकीत ठेवावी, एवढीच नम्र विनंती.