न जुळलेली नोंद

लिओ मॅकेरी यांचा ‘द ऑफुल ट्रूथ’ हा १९३७चा चित्रपट. नवरा (कॅरी ग्रँट) फ्लोरिडाहून आल्याची थाप मारतो. पण त्याने आणलेल्या संत्र्यावर शिक्का कॅलिफोर्नियाचा! बायको (आयरीन डन) गाण्याच्या मास्तरांबरोबर रात्रभर बाहेर. घटस्फोट मंजूर होतो. अंमल नव्वद दिवसांनी.

बँकेत जन्मभर व्हाउचरे तपासलेला मी त्या शिक्क्यावर खदखदून हसलो, मग ओशाळलो. हिला यायला उशीर झाला, की मी घरीही खुलासा मागत असे. हिने माझा कधी मागितला नाही.

मुदत संपता संपता दोघे एकत्र येतात. नवरा कुठे होता, हे शेवटपर्यंत कळत नाही. काही नोंदी न जुळताही खाते चालू ठेवता येते, हे मला निवृत्तीनंतर समजले.