नकाशाला न जुमानणारा एमएस

विषुववृत्तापासून जितकं लांब, तितका मल्टिपल स्क्लेरॉसिस जास्त, असा वैद्यकातला जुना ठोकताळा. या आजारात, म्हणजे एमएसमध्ये, आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण कुरतडते. स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं या ठोकताळ्याला जागतात: लाखात ४०० च्या घरात रुग्ण!

पण त्याहून कितीतरी उत्तरेला, रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांत एमएस कमीच. आणि भूमध्य समुद्रातल्या उन्हाळ सार्डिनियात? भरपूर! २०१७ मध्ये तिथे एमएसचा धोका वाढवणारा एक जनुकीय बदल सापडला. कधीकाळी हाच बदल मलेरियात कामी येत असावा, असा संशोधकांचा कयास.

आता मुंबई. भारतात एमएस दुर्मीळ, असं पाठ्यपुस्तकं सांगत होती तेव्हा, १९८० च्या दशकात, इथल्या पारशी कॉलन्यांत दारोदार जाऊन मज्जासंस्थेच्या आजारांची पाहणी झाली. पारशांत एमएसचं प्रमाण निघालं लाखात विसाच्या वर. कॉलनीच्या फाटकाबाहेरही ऊन तेच, पाऊस तोच आणि लोकलची गर्दीही तीच. मग फरक कशाचा? बोट साहजिकच रक्ताच्या वारशाकडे जातं; शतकानुशतकं या समाजाची लग्नं आपसांतच झाली.

वारसा किती जुना असू शकतो? प्राचीन हाडांतल्या डीएनएवरून २०२४ मध्ये पुढे आलं, की उत्तर युरोपातली एमएसची जोखीम सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी स्टेप गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांनी आणली. गुरांच्या सहवासातल्या रोगांशी लढताना तीच जनुकं उपयोगी पडली असावीत.

एवढ्यावरून सगळं खापर जनुकांवर फोडू नका. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांत आईवडिलांना एमएस क्वचित, पण तिथेच जन्मलेल्या मुलांत तो ब्रिटिशांच्या बरोबरीला पोहोचलेला दिसला. शिवाय एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर धोका ३२ पट वाढतो, हे २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या रक्तनमुन्यांतून दिसलं.

‘हा गोऱ्यांचा आजार’ हा समज तर आता मोडीतच काढायला हवा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या २०१३ च्या अभ्यासात कृष्णवर्णीयांत नव्या रुग्णांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा ४७ टक्के जास्त निघालं.

तेव्हा एका डोळ्याला अचानक धूसर दिसू लागलं किंवा हातापायांतल्या मुंग्या दिवसेंदिवस जाईनात, तर ‘आपल्याकडे कुठला एमएस’ म्हणून बसू नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.