कावासाकी आजार : ताप उतरला, तरी हृदयाकडे लक्ष हवे

लहान मुलाला ताप आला आणि अंगावर पुरळ उठले, की घरात पहिला संशय गोवराचा येतो. कधी घशाचा संसर्ग समजून प्रतिजैविके सुरू होतात. मात्र पाच दिवस उलटूनही ताप हटत नसेल, डोळे लाल असूनही चिपडे येत नसतील, ओठ फुटले असतील, जीभ लालबुंद व खरखरीत दिसत असेल, मानेत गाठ किंवा हातापायांवर सूज असेल, तर कावासाकी आजाराचा विचार व्हायला हवा. तान्ह्या बाळाच्या दंडावरील बीसीजी लसीचा व्रण अचानक लाल होणे, हेही त्याचे एक सूचक लक्षण होय. सहा महिन्यांखालील बाळांत ही सर्व लक्षणे एकत्र दिसतीलच असे नाही. धोका मात्र त्यांनाच अधिक असतो.

जपानी बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६१ मध्ये असा पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. या आजाराचे नेमके कारण अजूनही सापडलेले नाही. त्यात शरीरातील रक्तवाहिन्यांना दाह होतो आणि त्याचा सर्वाधिक फटका हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या करोनरी रोहिण्यांना बसतो. ताप काही आठवड्यांत आपोआप उतरतो. पण उपचार न झाल्यास सुमारे २५ टक्के मुलांच्या या रोहिण्यांना फुगवटा येतो. खरी फसगत येथेच होते. मूल खेळू लागते आणि आजार विस्मरणात जातो.

ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हे प्रमाण चार-पाच टक्क्यांपर्यंत खाली येते. हे औषध महाग आहे. परंतु पुढच्या आयुष्याचा विचार करता निदानाला लागलेला विलंब त्याहून महाग पडतो.

पुढे काय होणार, हे मुख्यतः रोहिणी किती फुगली होती यावर ठरते. ज्यांच्या रोहिण्यांना कधीच इजा झाली नाही, त्या मुलांचे हृदय पुढेही इतरांसारखेच राहते, असा आजवरचा अनुभव आहे. लहान फुगवटे निम्म्याहून अधिक मुलांत एक-दोन वर्षांत मूळ आकारावर येतात. तथापि, अशा रोहिणीची भिंत जाड व ताठर राहू शकते. म्हणून तपासणी सोडून चालत नाही. आठ मिलिमीटर वा त्याहून मोठा फुगवटा सर्वांत धोकादायक. त्यात रक्त साकळून गुठळी होते, कालांतराने रोहिणी अरुंद होते आणि ऐन तारुण्यातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. काहींना बायपासही करावी लागते.

पालकांनी काय करावे? निदान होताच, त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा आठवड्यांच्या सुमारास मुलाचा टू-डी एको करून घ्यावा. ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नये. ते सुरू असताना कांजिण्या किंवा फ्लूची शंका आल्यास त्वरित डॉक्टरांना गाठावे. कारण अशा वेळी मेंदू व यकृतावर क्वचित गंभीर दुष्परिणाम होतो. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर व कांजिण्यांची लस सुमारे ११ महिने लांबणीवर टाकावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकोचे सर्व अहवाल जपून ठेवावेत. वीस वर्षांनी त्या तरुणाच्या छातीत दुखू लागले, तर वयाकडे पाहून कोणीही ते पित्तावर नेईल. त्या क्षणी बालपणीच्या तापाचा एक कागद योग्य निदानाची वाट दाखवू शकतो. म्हणूनच मूल जाणते झाले, की हा आजार त्याला स्वतःला ठाऊक असायला हवा.